डाव्या भिंतीतला एक फूट

ऑफिसात मला मागून ‘बेरीजबाई’ म्हणतात, हे मला माहीत आहे. नकाशा माझ्यापुढे सहीला आला की मी आधी पेन्सिल घेऊन सगळ्या मापांची बेरीज करत बसते. कॉम्प्युटरनं केलेली असली तरी. पोरं डोळे फिरवतात. त्यांना वाटतं, बाई फार काटेकोर. कसली काटेकोर आणि काय! मी मुळात आळशी आणि घाईची. ही सवय मला वानखेडेकाकांमुळे लागली, आणि कशी लागली ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. काकूंनासुद्धा नाही.

त्र्याण्णव साली स्टेट कॉलेजातून मास्टर्स करून मी न्यू जर्सीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले. पहिल्याच दिवशी खिडकीजवळच्या ड्रॉइंग बोर्डावर एक काळासावळा, बुटका माणूस वाकलेला दिसला. दोन्ही कानांवर दोन पेन्सिली. उजव्या कानावर कडक, डाव्यावर मऊ. हात न बघता वर जायचा आणि बरोबर हवी तीच पेन्सिल घेऊन यायचा. बाकी सगळं ऑफिस कॉम्प्युटरवर गेलेलं, हा एकटा बोर्डावर. शार्पनर वापरायचा नाही, ब्लेडनं तासायचा. पावणेबाराला डबा उघडायचा आणि ठेचा लावलेल्या पोळीची गुंडाळी उभ्याउभ्याच खायचा. त्या वासानं मी धावतच गेले.

“तुम्ही मराठी?”

“नागपूर. वानखेडे. तू पुण्याची दिसतेस.”

मी पुण्याचीच. म्हणून पुढचा प्रश्न माझ्या तोंडून अगदी आपसूक निघाला, “वानखेडे म्हणजे... मूळचे कुठले?” आपल्याकडे हा प्रश्न गावाबद्दल नसतो, हे विचारणाऱ्याला माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. काकांनी पोळीचा घास संपवला, हात पुसले आणि म्हणाले, “जयभीमवाले आम्ही. इतकं गोल फिरून काहून विचारतेस? सरळ विचारायचं, सरळ सांगतो.” मी कानापर्यंत लाल झाले. त्यांनी उरलेली अर्धी गुंडाळी माझ्यापुढे धरली. “खा. तिखट आहे, पाहून घे.” मी खाल्ली. नाकातोंडातून पाणी आलं, आणि ते मनापासून हसले.

त्यानंतर चार वर्षं मी त्यांच्या पिस्कॅटवेच्या घरी दर दुसऱ्या रविवारी जेवले. काकू हॉस्पिटलात नर्स होत्या. बोलायला एकदम फटकळ. मी पहिल्यांदा घरी गेले तर म्हणाल्या, “ये, ये. माझी सवत पाहिली का?” आणि जिन्याखालच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा धुरकट फोटो फ्रेममध्ये लावलेला. “हे सायलस हॉर्नबी. शंभर वर्षांपूर्वी मेले, पण माझ्या घरातून हलत नाहीत.”

काका त्यांना नुसतं हॉर्नबी कधीच म्हणत नसत. ‘हॉर्नबीसाहेब’. हा कोण मोठा आर्किटेक्ट म्हणून मी पुस्तकं धुंडाळली, कुठेही नाव नाही. मग काकांनीच एकेक तुकडा सांगत त्यांचं आयुष्य माझ्या पदरात घातलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका गवंड्याचा मुलगा. बारा-तेराव्या वर्षापासून बापाच्या हाताखाली विटा वाहिल्या. संध्याकाळच्या वर्गात ड्रॉइंग शिकला. फिलाडेल्फियात एका बड्या आर्किटेक्टकडे अकरा वर्षं नकाशे काढले, आणि त्यातल्या एकावरही त्याचं नाव नाही. सही मालकाची. शेवटी स्वतःचं ऑफिस काढलं ते कुठे, तर कोळशाच्या खाणींजवळच्या एका बारक्या गावात. मग शाळा बांधल्या, अग्निशमन ठाणी बांधली, दोन-तीन लायब्रऱ्या, एक बँक. कोर्टाच्या मोठ्या इमारतीची स्पर्धा हरला. ऑफिसला आग लागून सगळे नकाशे जळाले. म्हातारपणी भाड्याच्या खोलीत मेला. कबरीच्या दगडावर नाव आणि दोन सालं, धंदासुद्धा लिहिलेला नाही.

“काका, तुमचे वडीलही गवंडीच ना? म्हणून तुम्हाला हा जवळचा वाटतो,” मी एकदा फार शहाणपणानं म्हणाले.

काका भडकले. त्यांना भडकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “असं कोणी म्हणलं की मला राग येते. माझा बाप गवंडी होता म्हणून नाही. ह्या माणसाच्या खिडक्या पाह्य. खिडकी आणि दार यांच्यातलं अंतर पाह्य. चांगलं काम आहे म्हणून आवडते. चांगलं काम ओळखायला बापाचा धंदा सांगावा लागते का?” मग जरा वेळानं, पोळी मोडत, “बाप गवंडी होता, ते खरं आहे.”

नकाशे जळालेले, कागद नाहीत. मग अमुक इमारत हॉर्नबीची हे ओळखायचं कसं? काकांनी स्वतः शोधून काढलं होतं. ज्या चार इमारती त्यांच्या नक्की होत्या, त्या चारही ठिकाणी मागच्या दाराशेजारी, हाताच्या उंचीवर, एक वीट उभी लावलेली होती. बाकी सगळ्या आडव्या आणि ही एकच उभी. “बापाची खूण असेल,” काका म्हणायचे, “किंवा पोराची. गवंड्याला सही करायला कागद कुठे मिळते?” त्या विटेवर ते तळहात ठेवायचे, क्षणभरच, आणि लगेच कामाला लागायचे. त्यांचा मुलगा तिकडेच जन्मलेला, कॉलेजात होता. तो म्हणायचा, “डॅड, नोबडी केअर्स.” काका म्हणायचे, “आय केअर. वन इज इनफ.”

पंच्याण्णवमध्ये ऑफिसनं शेवटचा ड्रॉइंग बोर्ड काढला आणि त्याबरोबर काकांनाही. त्यांनी माउस हातात धरून पाहिला होता, आठवडाभर. “हे हातात धरल्यावर हात कुठे ठेवायचा?” म्हणाले. निरोपाचा केक कापला तेव्हाही दोन्ही कानांवर पेन्सिली होत्या. मला त्यांचा बोर्ड झाडायचा ब्रश देऊन गेले.

आता वेळच वेळ होता. जुनी लांबलचक स्टेशन वॅगन घेऊन ते पेनसिल्व्हेनियाभर फिरायचे. टर्नपाइकच्या हायवेवर ताशी पन्नास मैलांनी. मागून हॉर्न वाजले की म्हणायचे, “जा बापा, तू जा.” शनिवारी मी बरोबर असले तर मोजणीला. आणि मोजणीत माझं काम एकच, झिरो धरायचा.

ज्यांनी इमारत मोजलेली नाही त्यांना सांगते. लांब स्टीलच्या टेपचं एक टोक एकजण भिंतीच्या कोपऱ्यावर धरतो, तो झिरो. दुसरा लांब जाऊन आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. वाचणारा मुख्य असं सगळ्यांना वाटतं. काकांचं उलटं होतं. “वाचायला कोणीही वाचते. झिरो धरणाऱ्यावर सगळं आहे. मला तिकडून तुझा हात दिसत नाही ना.” त्यांच्या टेपची कडी वाकलेली होती. म्हणून कुठे पाइप वगैरे आडवा आला की टोक कोपऱ्याला टेकायचं नाही, अशा वेळी एक फुटाची खूण कोपऱ्यावर धरायची आणि ओरडून सांगायचं, “एकावर!” मग काका वाचलेल्या आकड्यातून एक फूट वजा करायचे. नाहीतर “झिरो!” दर मापाला हा पुकारा. रस्त्यावरची माणसं बघत राहायची. ह्या दोन शब्दांपुरतं आमचं मराठी-इंग्लिश त्या गावांमधून घुमायचं.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात काका उत्साहानं नुसते फुलून आले होते. ॲशग्रोव्ह नावाच्या गावात एक बंद पडलेली लायब्ररी सापडली. मागच्या दाराशी उभी वीट! गाव ती पाडायला निघालं होतं. गावाची एक जतन समिती होती; इमारत हॉर्नबीची आहे असं पटवलं आणि नीट मोजून काढलेले नकाशे दिले, तर ती यादीत घेतली असती आणि वाचली असती. “हॉर्नबीसाहेबांचं नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर येईल, पोरी,” काका म्हणाले. “आणि त्याच्याखाली आपलं. मोजणी, वानखेडे आणि देशपांडे.”

आम्ही दिवसभर मोजलं. माझी बोटं गारठली होती, आणि संध्याकाळी जर्सी सिटीत मैत्रिणीकडे पार्टी होती, त्याचं घड्याळ माझ्या डोक्यात वाजत होतं. शेवटचं माप राहिलं, समोरची संपूर्ण लांबी. डाव्या कोपऱ्यावर पावसाच्या पाण्याचा पाइप होता. मी एक फुटाची खूण कोपऱ्यावर धरली. पलीकडच्या टोकाहून काका ओरडले, “बोल!” आणि मी ओरडले, “झिरो!”

सवयीनं. बस, इतकंच. काकांनी लिहिलं, एकोणपन्नास फूट.

चूक कोणाची होत नाही? पुढचं ऐका. काकांनी वही माझ्याकडे दिली, कारण नकाशे कॉम्प्युटरवर मी काढणार होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बसले. तुकड्यातुकड्यांच्या मापांची बेरीज अठ्ठेचाळीस आली. संपूर्ण लांबी एकोणपन्नास. तो पाइप लख्ख डोळ्यांपुढे आला. मला कळलं. फोन उचलायचा आणि म्हणायचं, काका, मी चुकले, एक फूट वजा करा. अर्धं मिनिट लागलं असतं. पण मला वाटलं, ते म्हणतील, चला परत, सगळंच तपासू. आणखी एक शनिवार जाणार. आणि खरं सांगू? माझा हात चुकला हे मला त्यांना सांगायचं नव्हतं. माझ्यातलं तेवढंच त्यांना आवडतं असं मला वाटायचं. मग मी समोरच्याच बाजूची डावीकडची कोरी भिंत धरली, जिथे ना खिडकी ना दार, आणि माउसनं एक फूट ताणली. चाराची पाच झाली. कॉम्प्युटरवर भिंत ताणायला काहीच लागत नाही.

काकांचा मोतीबिंदू तेव्हा पिकत आला होता. नकाशा नाकाशी धरून त्यांनी पाहिला. “सुबक काढलंस,” म्हणाले. “बेरीज केली?”

“केली.”

“जुळली?”

“जुळली.”

जानेवारीत आमच्या बॉसनं नवीन काम जाहीर केलं. बॉसचं नाव वॉल्टर. ॲशग्रोव्हच्या लायब्ररीच्या जागी तीन मजली ऑफिस बिल्डिंग, आणि ती आम्ही करणार! मी गारच पडले. माझ्या ग्रीन कार्डाची फाइल वॉल्टरच्या टेबलावर, त्याच्या सहीसाठी पडलेली. मी काकांना फोन केला. “काका, त्या नकाशावरून माझं नाव काढा. एच-वन व्हिसावर बाहेरचं काम चालत नाही, आणि आता तर...” सगळं सांगितलं. फक्त एक फूट तेवढा सांगितला नाही.

ज्या माणसाचं सगळं म्हणणंच असं होतं की काम करणाऱ्याचं नाव कागदावर पाहिजे, तो फोनवर म्हणाला, “काढतो. तुझे पेपर महत्त्वाचे. ह्या देशात पेपरशिवाय माणूस नाही.” आणि लगेच, “जेवायला तर येशील ना रविवारी?”

फेब्रुवारीत ॲशग्रोव्हच्या टाउन हॉलमध्ये सुनावणी होती. प्रोजेक्टवर होते म्हणून वॉल्टरनं मलाही नेलं. मी मागच्या रांगेत त्याच्या शेजारी. काका पुढे. सूट घातलेला, एकाच कानावर पेन्सिल. त्यांना बोलताना ऐकून मी चाट पडले. इंग्लिश मोडकं होतं, पण हॉल शांत झाला. गवंड्याचा मुलगा, अकरा वर्षं बिननावाची, जळालेले नकाशे, उभी वीट. समितीच्या अध्यक्ष बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी मनात म्हणाले, जिंकले! काका जिंकले!

मग वॉल्टर उठला. गावाच्या सर्व्हेचा कागद त्याच्या हातात होता. अगदी सभ्यपणे म्हणाला, “सर, तुमच्या ड्रॉइंगमध्ये समोरची लांबी एकोणपन्नास फूट आहे. सर्व्हेत अठ्ठेचाळीस. तुम्ही आम्हाला एका विटेवर विश्वास ठेवायला सांगता आहात, आणि तुमचा अख्खा एक फूट चुकलाय.” कोणीतरी हसलं. काका वाकून नकाशा बघत राहिले. हात कानाकडे गेला, ज्या कानावर पेन्सिल नव्हती त्या कानाकडे.

अध्यक्ष बाईंनी हळू आवाजात विचारलं, “मिस्टर वानखेडे, मोजताना तुमच्याबरोबर दुसरं कोणी होतं का? कोणी आर्किटेक्ट, जो हे समजावून सांगू शकेल?”

काकांनी मान वर केली आणि हॉलच्या मागच्या रांगेपर्यंत बघितलं. मोतीबिंदूतून त्यांना मी दिसले की नाही कोण जाणे. मी तिथे बसणार हे त्यांना माहीत होतं. उठायचं, एक वाक्य बोलायचं, एवढंच होतं. वॉल्टरचा कोपर माझ्या कोपराला लागत होता.

“नो, मॅडम,” काका म्हणाले. “ओन्ली मी. माय मिस्टेक.”

ठराव फेटाळला गेला.

तीन-चार दिवसांनी काकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा. “पोरी, परत जाऊन आलो ॲशग्रोव्हला. तो फूट सापडला. डावी भिंत चारच आहे, तुझ्या चित्रात पाच. वहीत काय लिहिलंय पाह्य बरं.”

वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी काढली, उघडली. काकांच्या त्या टोकदार अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं, डावी भिंत, चार फूट. ती अजूनही तशीच आहे, अक्षर जरासुद्धा पुसट झालेलं नाही.

मी म्हणाले, “पाच लिहिलंय, काका.”

का म्हणाले मी असं? आता तर कोणी ऐकत नव्हतं. वॉल्टर नव्हता, फाइल नव्हती. काका रागावलेही नसते. मी स्वतःला हजारदा विचारलं आहे, आणि उत्तर इतकं क्षुल्लक आहे की लाज वाटते. आधीचं ‘जुळली’ मला सांभाळायचं होतं.

“बरं,” काका म्हणाले. “म्हणजे मीच चुकीचं लिहिलं. डोळे गेले आता माझे. उगाच हॉर्नबीसाहेबांचं नुकसान केलं मी.”

एप्रिलमध्ये लायब्ररी पाडली. मला ग्रीन कार्ड मिळालं. काकांच्या घरी मी रविवारी जाईनाशी झाले. कधी डेडलाइन, कधी सर्दी. काकू फोनवर ओरडायच्या, “तू आली नाहीस की हे जेवताना एक पोळी जास्त करायला लावतात आणि मग मलाच खावी लागते!” काकांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. एकदा त्यांनी विचारलं, “शनिवारी येतेस का? एक अग्निशमन ठाणं राहिलंय मोजायचं. झिरो धरायला माणूस पाहिजे.” मी म्हणाले, “शनिवारी प्लंबर येणार आहे.” माझ्याकडे कसला प्लंबर! भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते मी. काकांना ते माहीत होतं.

पण त्या शनिवारी सकाळी मला राहवेना. वही घेतली आणि निघाले. ठरवलं होतं, वही त्यांच्या हातात द्यायची, ते पान उघडूनच द्यायचं, बाकी काही बोलायला लागणार नाही. दीड तास गाडी चालवताना मनातल्या मनात ते दृश्य दहा वेळा करून झालं. काकांनी फोनवर सांगितलेलं गाव छोटं होतं, ठाणं लगेच सापडलं. लाल विटांचं, दोन मोठ्या कमानींचं. मी रस्त्याच्या पलीकडे गाडी लावली आणि वही मांडीवर घेतली.

काका एकटेच होते. दोन्ही कानांवर पेन्सिली. टेपचं टोक त्यांनी कोपऱ्यावर ठेवलं आणि त्यावर एक वीट दाबून ठेवली. मग सरळ उभं राहून, कोणी नसताना, मोठ्यांदा ओरडले, “झिरो!” टेप उलगडत दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. वाकून आकडा वाचला. पण लिहिला नाही. वही तशीच काखेत धरून, सगळं अंतर चालत पहिल्या कोपऱ्याशी परत आले, गुडघ्यावर बसले, वीट सरकली नाही ना, टोक जागेवर आहे ना, ते बोटानं चाचपून पाहिलं. मग उठून लिहिलं. पुढचं माप. पुन्हा वीट, पुन्हा “झिरो!”, पुन्हा जाणं, पुन्हा परत येऊन गुडघ्यावर बसणं. ऑपरेशननंतर त्यांना आता नीट दिसत असणार. चष्माही नव्हता.

मी दाराच्या हँडलवर हात ठेवून बसले होते. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्यांची चार मापं झाली तेवढा वेळ. पुढच्याच वर्षी ते गेले, आणि मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. गाडीतून उतरायला मला काय अडवत होतं ते मी सांगते. दोन वर्षं मी त्यांच्यासाठी टेपचं टोक धरलं, कितीतरी इमारती मोजल्या आम्ही, पण माझा हात बघायला ते कधी एकदाही परत आले नव्हते.

मी गाडी सुरू केली तेव्हा ते पाचव्या मापाचा झिरो बघायला परत येत होते.